'बरी हाय की' म्हणजे किती बरी?

मावळातल्या माणसाला सरळ प्रश्न विचारला की तो उत्तरही सरळच देतो. त्यातून हाती काही लागेलच असं मात्र नाही. "पोरांची शाळा कशी आहे?" असं भोर किंवा वेल्ह्याच्या कुठल्याही वाडीत विचारून बघावं. "बरी हाय की." विषय संपला. हातात कागद घेऊन आलेल्या सर्वेक्षकाची पंचाईत इथूनच सुरू होते, कारण त्याच्या कागदावर पाच चौकटी असतात : अतिशय समाधानी, समाधानी, मध्यम, असमाधानी, अतिशय असमाधानी. 'बरी हाय की' यातल्या कुठल्या चौकटीत बसवायचं? त्या 'बरी'त 'आम्हाला कुठं तेवढं कळतंय' असतं, 'दुसरी शाळा आहेच कुठं' असतं आणि 'तुम्ही कुठल्या ऑफिसातून आलात कोण जाणे, गुरुजींना उगाच त्रास नको' हेही असतं. शेवटचा 'की' तर दार लोटून घेण्यासाठीच असतो. दमलेला सर्वेक्षक 'समाधानी'वर खूण करतो आणि पुढच्या घराकडे वळतो.

ही अडचण केवळ मावळची नाही. अमेरिकेत गॅलप ही संस्था दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास शिक्षणाविषयी लोकांचा कौल घेते. २०२३च्या कौलात देशातल्या शालेय शिक्षणाबद्दल समाधानी असलेले लोक अवघे ३६ टक्के निघाले. त्याच कौलात पालकांना 'तुमच्या थोरल्या मुलाला मिळणारं शिक्षण कसं आहे' असं विचारलं, तेव्हा ७६ टक्क्यांनी समाधान व्यक्त केलं. एकूण शिक्षणाचा बोजवारा उडालाय, पण आमच्या पोराची शाळा चांगली आहे! ही तफावत त्या कौलात वर्षानुवर्षं दिसते. लांबच्या शाळेबद्दलचं मत बातम्यांतून बनतं आणि जवळच्या शाळेबद्दलचं मत रोज दारावरून जाणाऱ्या बाईंवरून. शिवाय शाळा आपणच निवडलेली असते. तिला वाईट म्हणणं म्हणजे स्वतःच्या निवडीला वाईट म्हणणं.

निवडलेली असते, हे भोर-वेल्ह्यात मात्र जपूनच म्हणावं लागतं.

पुणे जिल्ह्यातले हे दोन्ही तालुके नकाशावर शेजारी आहेत. २०११च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या १ लाख ८६ हजारांच्या घरात होती, तर वेल्ह्याची ५४ हजारांच्या आसपास. वेल्ह्यात शहर म्हणावं असं एकही गाव नाही. तोरणा आणि राजगड हे दोन्ही किल्ले याच तालुक्यात आहेत, आणि तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४मध्ये घेतला. भोरचं तसं नाही. ते पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव आहे. राजवाडा, बाजारपेठ, हायस्कूल, कॉलेज असं सगळं असलेलं. तालुक्याच्या पूर्व अंगाने पुणे-बंगळुरू महामार्ग जातो. त्यामुळे नसरापूर, कापूरहोळ, किकवी या पट्ट्यात सकाळी सातच्या सुमारास पिवळ्या व्हॅन मुलांना गोळा करत फिरतात. पश्चिमेला हिर्डोशीच्या खोऱ्यात किंवा वेल्ह्याच्या टोकाला केळदकडे जावं, तर मुलांच्या वाट्याला गावची जिल्हा परिषदेची शाळाच असते. एकाच्या समोर पाच शाळांची पाटी आहे, दुसऱ्यासमोर एकच. दोघांनाही प्रश्न तोच विचारला जातो, "समाधानी आहात का?" पहिला तुलना करून उत्तर देतो. दुसरा तुलना कशाशी करणार?

तो करतो ती स्वतःच्या लहानपणाशी. इथल्या आजोबांच्या पिढीने शाळा पाहिली ती देवळात किंवा कुणाच्या तरी पडवीत भरणारी, आणि आज्यांपैकी अनेकींनी तीही पाहिली नाही. पावसाळ्याचे चार महिने ओढे भरले की वाट बंद. भाटघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा-देवघर अशी एकामागून एक धरणं झाली आणि खोऱ्यातली गावं वर सरकली, काही पार उठली. पाणी खाली बारामती-फलटणला आणि पुण्याला गेलं, आणि कामधंदा शोधत माणसंही त्याच दिशेने गेली. ज्याने स्वतः चौथीत शाळा सोडून मुंबईच्या बाजारात ओझी वाहिली, त्याला नातवाची शाळा पक्क्या खोल्यांची, फरशीची, दुपारी खिचडी देणारी दिसते, तेव्हा ती 'बरी'च असते. त्याच्या समाधानात खोटं काहीच नाही. फक्त त्याची मोजपट्टी पन्नास वर्षांपूर्वीची आहे.

अमर्त्य सेन यांनी आरोग्याच्या बाबतीत असाच एक कोडं वाटावा असा प्रकार दाखवून दिला होता. केरळात माणसं जास्त जगतात, दवाखाने जवळ आहेत. तरीही 'तुम्ही आजारी होता का' असं विचारलं तर 'हो' म्हणणारे केरळात जास्त आणि बिहारमध्ये कमी. शिकलेल्या माणसाला दुखणं ओळखता येतं आणि ते बरं होऊ शकतं हेही माहीत असतं. शाळेचंही तसंच. तक्रार करणारा पालक जिथे भेटतो, तिथली शाळा वाईटच असते असं नाही. कधी कधी तिथला पालक एवढंच करत असतो की चौथीतल्या मुलीला भागाकार येत नाही हे त्याला दिसतं, आणि यायला हवा होता हेही.

पण हे दिसतं किती जणांना? पालकाला काय दिसतं त्याची यादी केली तर ती मोठी मजेशीर निघते. गुरुजी किती वाजता आले हे अख्ख्या गावाला दिसतं, कारण ते कुठल्या एसटीने किंवा कुठल्या मोटारसायकलवरून आले हे पारावरून कळतं. वहीत लाल शाईच्या खुणा आहेत का, हे निरक्षर आईलाही दिसतं. स्नेहसंमेलनात पोरगं स्टेजवर गेलं का, हे दिसतं. गणवेश, बूट, टाय दिसतात. इंग्रजी कविता तर दिसतेही आणि ऐकूही येते. शिष्यवृत्ती परीक्षेत शाळेची किती मुलं लागली, नवोदयला कोण निवडलं गेलं, याचे फलक नाक्यावर झळकतात. मुलाला वाचलेलं समजतं का, हे मात्र कुठेच झळकत नाही.

ते बघण्याचा एक साधा मार्ग 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीने २००५पासून रुजवला. पाहणी करणारे तरुण मुलांना शाळेत नाही, घरी जाऊन तपासतात. मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. बस्स. ही चाचणी ओसरीवर होते, त्यामुळे आईबाप, शेजारी, कोंबड्या सगळेच भोवती असतात. दोन वर्षं शाळेत गेलेलं आपलं पोर परिच्छेदावर अडखळताना आई पहिल्यांदा बघते. देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुलं २०२२मध्ये २०.५ टक्के होती. करोनाच्या धक्क्यातून सावरत २०२४मध्ये ती २७.१ टक्क्यांवर आली. म्हणजे सुधारणा झाल्यावरही चारपैकी जवळजवळ तीन मुलांना ती गोष्ट नीट वाचता येत नाही. या मुलांच्या घरी जाऊन 'शाळा कशी आहे' विचारलं तर किती घरांतून 'बरी हाय की' ऐकू येईल, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

म्हणून पालक अडाणी, असा निष्कर्ष काढणारे अनेक आहेत. हा निष्कर्ष जुना आहे आणि त्याला खोटं पाडणारी माहितीही आता जुनी झाली. १९९६मध्ये उत्तर भारतातल्या राज्यांत खेडोपाडी फिरून एक पाहणी झाली. 'प्रोब' या नावाने तिचा अहवाल १९९९मध्ये आला. मुलग्यांनी शिकणं महत्त्वाचं आहे असं ९८ टक्के पालकांनी सांगितलं, मुलींबाबत ८९ टक्क्यांनी. गरिबाला शिक्षणाची किंमत नाही, ही शहरी दिवाणखान्यातली समजूत तेव्हाच निकालात निघायला हवी होती. पालकांना शिक्षण हवंच असतं. ते मिळतंय की नाही हे तपासायचं साधन त्यांच्या हातात नसतं, एवढंच. मग हातात जे असेल त्याने ते तपासतात, आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्यांच्या हाती लागलेलं सगळ्यात सोपं साधन म्हणजे इंग्रजी.

महाराष्ट्रात सर्व मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला तो २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्या वेळी वाद पुष्कळ झाला, पण मोरे स्वतः पुणे जिल्ह्यातले होते आणि खेड्यातल्या बापाच्या मनात काय चाललंय हे त्यांना नक्की ठाऊक होतं. पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारं 'सेमी' आलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतही पोचलं. तरीही महामार्गाच्या कडेला इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढतच गेल्या. नसरापूरच्या पट्ट्यातला बाप हिशेब घालतो : कंपनीतला सुपरवायझर, बँकेतला साहेब, पुण्यातलं आयटीवालं पोरगं, सगळे इंग्रजी बोलतात. त्यासाठी तो भाताच्या पैशातून, दुधाच्या पैशातून फी भरतो, व्हॅनचं भाडं वेगळं. मुलाला 'मिस' भेटतात, 'बाई' भेटत नाहीत. घरी येऊन पोर रंगांची इंग्रजी नावं म्हणून दाखवतं आणि बापाचा जीव भांड्यात पडतो.

यातून मुलं किती शिकतात, हे पडताळून पाहणारा सर्वांत काटेकोर प्रयोग आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी १८० गावांत सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेची फी दिली आणि चार वर्षं त्यांचा माग ठेवला. २०१५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेलुगू आणि गणितात सरकारी व खासगी शाळांतल्या मुलांच्या गुणांत फरक आढळला नाही. इंग्रजीतला फरक इतका थोडा होता की त्यावर भर देऊन काही म्हणता येत नव्हतं. हिंदीत मात्र खासगी शाळांची मुलं स्पष्टपणे पुढे होती. दुसरीकडे खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. म्हणजे खासगीवाले सांगतात तसं सोनं नाही आणि सरकारी शाळेचे कैवारी म्हणतात तशी निव्वळ लूटही नाही. हे दोन्ही बाजूंना गैरसोयीचं असल्यामुळे फारसं कुणी उद्धृत करत नाही.

आता डोंगराकडे.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या चांदर गावची गोष्ट २०१८मध्ये देशभर गाजली. पंधरा-एक घरांची वस्ती. शाळेत एकच विद्यार्थी, आणि त्याच्यासाठी रोज कच्च्या रस्त्याने दरीच्या कडेकडेने मोटारसायकल हाकत येणारा एक शिक्षक. बातम्यांनी शिक्षकाचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. त्या बातम्यांतलं दुसरं वाक्य मात्र कुणी उचलून धरलं नाही : हा शिक्षक रुजू झाला तेव्हा शाळेत दहा-अकरा मुलं होती. बाकीची गेली कुठे? पुढची शाळा लांब, मग कुणी नातेवाइकांकडे, कुणी कामाला. त्यांच्या पालकांना कुठल्या सर्वेक्षकाने गाठलं नसेल, कारण ते गावात नव्हते. समाधान मोजताना ही माणसं आपोआप गळतात. जे उरले त्यांनाच विचारलं जातं, आणि उरलेला माणूस बहुधा 'बरी'च म्हणतो.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७०च्या आपल्या पुस्तकात सांगितलं होतं की एखादी गोष्ट बिघडली तर माणसापुढे दोन वाटा असतात : बोलायचं किंवा निघून जायचं. निघून जाणं सोपं झालं की बोलणारे कमी होतात, कारण ज्यांना बोलता येतं तेच आधी निघतात. महामार्गाच्या पट्ट्यात नेमकं हेच झालेलं दिसतं. ग्रामपंचायत सदस्याचं, दुकानदाराचं, खुद्द जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचं पोर इंग्रजी शाळेत गेलं. गुरुजींना जाब विचारू शकतील असे आवाज गेले आणि उरला पट, तोही घसरता. 'पट' हा इथल्या शाळांचा खरा कौल आहे. तो कुठल्याही पाच चौकटींपेक्षा स्पष्ट बोलतो.

पट घसरला की सरकारचं लक्ष जातं. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३ असल्याची आकडेवारी २०२३मध्ये पुढे आली. त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं आणि २९,७०७ शिक्षक. त्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयाने अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा उदाहरणं दोन दिली गेली : नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि वेल्ह्यातलं पानशेत. पानशेतला आजूबाजूच्या सोळा छोट्या शाळा एकत्र आणून, मुलांची ने-आण करायची सोय करून एक मोठी शाळा उभी करण्यात आली होती. कागदावर हा हिशेब पटण्यासारखा आहे. चार मुलांच्या शाळेत चारही वर्गांना एकच गुरुजी, खेळायला गडी नाही, भांडायला मैत्रीण नाही. मोठ्या शाळेत वर्गागणिक शिक्षक मिळतो.

तरी राज्यभरातून विरोध झाला, आणि शिक्षक संघटनांइतकाच तो वस्त्यांवरच्या पालकांचाही होता. त्याचं कारण शोधायला जुलैतलं वेल्हे बघावं. धुकं असं की वीस पावलांवरचा माणूस दिसत नाही. दरड कधी येईल सांगता येत नाही. सहा वर्षांच्या पोरीला अशा वाटेने गाडीत बसवून धाडायचं आणि आपण भातलावणीला चिखलात उतरायचं. गाडी आज आली नाही तर? पुढच्या वर्षी गाडीचे पैसे देणारा थांबला तर? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलं, ते याच आयांच्या भीतीला दिलेलं उत्तर होतं. पालकांच्या समाधानात अंतराला किती मोल आहे हे गुणवत्तेच्या तक्त्यांत कधीच दिसत नाही. घराच्या हाकेवर असलेली सुमार शाळा आणि दहा किलोमीटरवरची चांगली शाळा यांत पहिलीला घालताना आई जवळची निवडते, आठवीला घालताना लांबची. तिच्या निर्णयात विसंगती काहीच नाही, मूल मोठं झालेलं असतं.

मुलगी असेल तर आठवीचा हिशेब पुन्हा बदलतो. सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावात, एसटी दिवसातून दोनदा, संध्याकाळची चुकली तर अंधार. राज्य सरकारच्या अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, पण पास असून उपयोग बस आली तर. ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने वेल्ह्यात मुलींच्या निवासाची सोय केली, तिचं महत्त्व इथे कळतं. ज्या बापाने 'आता पुरे' म्हटलं असतं, तो राहायची जागा आणि लक्ष ठेवणाऱ्या ताई पाहून दहावीपर्यंत थांबतो. त्याला शाळेबद्दल समाधानी आहेस का असं विचारलं तर तो 'हो' म्हणेल, आणि त्याच्या मनात अभ्यासक्रम नसेल; कुंपण, कडी आणि ताईंचा फोन नंबर असेल.

पालकांचं म्हणणं शाळेपर्यंत पोचावं म्हणून कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका, असा नियम. तो चांगला आहे. बैठकीची वेळ मात्र पुष्कळदा शाळेच्या वेळेत, म्हणजे नेमकी रानातल्या कामाच्या वेळेत येते. मग इतिवृत्ताची वही सहीसाठी घरी जाते. सही करणाऱ्या आईला आपण कशावर सही केली हे विचारण्यात अर्थ नाही. गुरुजींनी सांगितलं, तिने केली. पालकांना बोलायचंच नसतं असं मात्र समजू नये. फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारने खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचा नियम बदलला आणि सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला त्या जागांतून सूट दिली, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्याच जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. जागा हातची जातेय म्हटल्यावर लोक बरोबर बोलले.

पालकांना नुसत्या सहीपुरतं न धरणाऱ्या शाळाही याच जिल्ह्यात आहेत. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशासाठी रांगा लागल्या, आणि पुढे त्या शाळेवरून वादही झाले. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा बंद पडायच्या बेतात होती; २०२५मध्ये ती जगातल्या उत्तम शाळांच्या एका आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या यादीत जाऊन बसली, तीही समाजाच्या सहभागाच्या गटात. तिथे 'विषयमित्र' नावाची पद्धत आहे : ज्या मुलाला जो विषय येतो त्याने तो इतरांना शिकवायचा, वय आडवं येत नाही. या दोन्ही शाळांमागे शिक्षक एकच होते, हे सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही.

आणि इथेच भोर-वेल्ह्याच्या पालकांची सर्वांत खरी चिंता येते. ती कुठल्या प्रश्नावलीत नसते. २०१७च्या बदली धोरणाने गावांची 'सर्वसाधारण' आणि 'अवघड' अशी विभागणी केली. अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षं काढलेल्या शिक्षकाला बदली मागण्याचा अधिकार मिळतो. डोंगरातल्या शिक्षकावर अन्याय होऊ नये म्हणून केलेली ही सोय रास्तच म्हणायला हवी. घर एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे असलेल्या माणसाने आयुष्य केळदच्या पावसात काढावं असं कोण म्हणेल? पण तीन वर्षांत गुरुजींना कुठल्या पोराचा बाप पितो, कुठली पोरगी दुपारी धाकट्या भावाला सांभाळायला घरी पळते, कोण अक्षर चुकवतं ते डोळ्याला कमी दिसतं म्हणून, हे सगळं कळायला लागतं, आणि तेवढ्यात संगणकावर बदल्यांची यादी लागते.

त्यामुळे जूनच्या मध्यावर शाळा उघडते, तेव्हा दारात तोरण बांधलेलं असतं, नवी पुस्तकं आलेली असतात, आणि आया पोरांची नाकं पुसत पटांगणाच्या कडेला उभ्या असतात. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. "जुनेच हायत का गं?" एकजण विचारते. दुसरी टाचा उंचावून बघते, आणि हेल्मेट निघेपर्यंत कुणी काही बोलत नाही.